नव्या इमारतीचं पार्किंग: नियम, नकाशे आणि परवानगी याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निवासी किंवा व्यापारी इमारतीचे नकाशे परवानगी विभागातून परत येतात तेव्हा त्रुटींच्या यादीत पार्किंग हटकून असतं. जागा कमी पडल्या म्हणून क्वचित; बहुतेक वेळा जागा कागदावर पुरेशा असतात, पण त्यांतल्या काहींत गाडी शिरत नाही. तुमच्या शहराचं नियमपुस्तक शेजारी उघडं आहे असं धरून ही उत्तरं लिहिली आहेत. नियमांतले आकडे शहरागणिक बदलतात. गाडीची लांबी-रुंदी मात्र बदलत नाही.

किती जागा लागतील हे कशावरून ठरतं?

वापरावरून. प्रत्येक वापराला एक मोजमापाचं एकक असतं. घरांसाठी सदनिका किंवा शयनकक्ष, दुकान-कार्यालयासाठी क्षेत्रफळ, नाट्यगृहासाठी खुर्च्या, रुग्णालयासाठी खाटा, शाळेसाठी वर्ग किंवा कर्मचारी. त्या एककाला कोष्टकातल्या दराने गुणायचं, पाहुण्यांसाठी काही टक्के मिळवायचे आणि मग त्या भागाला लागू असलेली सूट वजा करायची. मेट्रो किंवा रेल्वे स्थानकाजवळ, जुन्या गावठाणात किंवा परवडणाऱ्या घरांना वेगळा दर असतो. म्हणून कोष्टकाआधी भूखंड कोणत्या विभागात मोडतो ते पाहावं. उलट क्रमाने काम करणाऱ्यांचा अर्धा हिशेब पुन्हा होतो.

क्षेत्रफळ कोणतं धरायचं? आणि साडेदहा जागा आल्या तर?

दर एकूण बांधीव क्षेत्रावर आहे, चटईक्षेत्रावर आहे की फक्त ग्राहकांच्या वावराच्या क्षेत्रावर, हे व्याख्यांच्या प्रकरणात दिलेलं असतं, कोष्टकात नव्हे. जिने, लिफ्ट, मीटर खोली, दुकानामागचं कोठार धरलं की वगळलं, यावरून मोठ्या इमारतीत दहा-पंधरा जागांचा फरक सहज पडतो.

अपूर्णांकाचा नियमही शोधून वाचा. काही शहरांत अर्धा आणि त्यावरचा आकडा वर जातो, काही ठिकाणी कोणताही अपूर्णांक वरच जातो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, पूर्णांक प्रत्येक वापरासाठी वेगळा करायचा की शेवटच्या बेरजेला? कोणताही अपूर्णांक वर नेणाऱ्या शहरात चार वापर असतील आणि प्रत्येकी ०.३ उरत असेल, तर एका पद्धतीने चार जागा वाढतात, दुसऱ्या पद्धतीने दोन.

खाली दुकानं, मध्ये कार्यालयं, वर घरं. सगळ्यांची बेरीजच करावी लागते का?

सुरुवात बेरजेनेच होते. समजा ४८ सदनिका आहेत: २४ एक शयनकक्षाच्या (दर १) आणि २४ दोन शयनकक्षांच्या (दर १.५). २४ अधिक ३६ म्हणजे ६०. पाहुण्यांचे १० टक्के, म्हणजे ६. दुकानं ४२० चौरस मीटर, दर ४० चौ.मी.ला एक: १०.५, म्हणजे ११. कार्यालयं ९०० चौ.मी., दर ५० ला एक: १८. बेरीज ९५. एका गाडीला मार्गिका (गाड्यांच्या ये-जा करण्याची वाट) आणि रॅम्प धरून सरासरी ३० चौ.मी. लागतात, म्हणजे २,८५० चौ.मी. निव्वळ गाड्यांसाठी.

पण कार्यालयाची गाडी संध्याकाळी निघून जाते आणि रहिवाशाची तेव्हाच परत येते. अनेक शहरं या सामाईक वापराचा हिशेब मान्य करतात. त्यासाठी तासागणिक तक्ता करावा लागतो. वरच्याच इमारतीत दुपारी ११ ते ४ या वेळात रहिवासी ६० टक्के (३६), पाहुणे २, दुकानं ७० टक्के (८), कार्यालयं पूर्ण (१८) धरली तर ६४ जागा लागतात. संध्याकाळी ७ ते ८ ला रहिवासी ८५ टक्के (५१), पाहुणे ६, दुकानं ९० टक्के (१०), कार्यालयं २० टक्के (४) म्हणजे ७१. मध्यरात्री रहिवासी ६०, पाहुणे ६, कार्यालय १ म्हणजे ६७. सर्वांत मोठा आकडा ७१. पंचाण्णवऐवजी एकाहत्तर!

इथेच बहुतेकांचं गणित फसतं. हा ७१ चा आकडा खरा ठरतो तो कोणतीही जागा कोणाच्या नावावर नसेल तरच. बिल्डरने ६० जागा सदनिकांसोबत क्रमांक टाकून दिल्या की त्या दुपारी रिकाम्या असूनही कार्यालयाला मिळत नाहीत. मग ६० अधिक बाकीच्यांची सर्वांत मोठी गरज, म्हणजे दुपारची २ + ८ + १८ = २८, एकूण ८८. म्हणून सामाईक वापराची मंजुरी देताना परवानगी विभाग लेखी हमी किंवा नोंदणीकृत करार मागतो, आणि विक्री विभागाने काय कबूल केलं आहे हे वास्तुविशारदाला अर्ज करण्यापूर्वी माहीत असावं लागतं.

टक्केवारी मनाने घालू नका. शहराने स्वतःचा तक्ता दिला असेल तर तोच वापरा. नसेल तर तशाच दोन-तीन चालू इमारतींत कामाच्या आणि सुट्टीच्या दिवशी तासातासाला गाड्या मोजून घ्या.

आमच्या शहराने किमान पार्किंगची अटच काढली आहे. मग परवानगीत पार्किंगचा विषय संपला?

नाही. 'इतक्या तरी जागा द्याच' ही अट तशी फार जुनी नाही. अमेरिकेतल्या कोलंबस शहराने १९२३ मध्ये सदनिकांच्या इमारतींना ती लावली आणि पुढच्या दशकांत ती सगळीकडे पसरली. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत वारा उलटा वाहतो आहे. लंडनने २००४ च्या आराखड्यात किमानाऐवजी कमाल मर्यादा आणली. मेक्सिको सिटी आणि अमेरिकेतलं बफेलो यांनी २०१७ मध्ये किमान अट सोडली. न्यूझीलंडने २०२० च्या राष्ट्रीय धोरणाने मोठ्या शहरांना ती काढायला लावली. कॅलिफोर्नियात २०२३ पासून मोठ्या सार्वजनिक वाहतूक थांब्यापासून अर्ध्या मैलाच्या आत बहुतेक नव्या इमारतींवर शहरांना ती लादता येत नाही. जपानने तर भार गाडीमालकावरही टाकला आहे. घरापासून २ किलोमीटरच्या आत गाडी ठेवायची जागा असल्याचा पोलिसांचा दाखला असल्याशिवाय तिथे बहुतेक भागांत गाडीची नोंदणी होत नाही.

किमान अट गेली तरी चार गोष्टी उरतात: दिव्यांगांसाठीच्या जागा, सायकली, माल उतरवण्याची जागा, आणि तुम्ही स्वखुशीने दिलेल्या जागांची मापं. न्यूझीलंडच्या धोरणातही दिव्यांगांच्या जागा वगळलेल्या नाहीत. शिवाय कमाल मर्यादा असेल तर जास्त जागा दाखवल्या म्हणूनही नकाशा परत येतो. पुष्कळ अर्जदारांना हे उमगतच नाही, कारण आयुष्यभर त्यांना जागा कमी पडल्याच्या नोटिसा आलेल्या असतात.

जागा बसतच नाहीत. मार्ग कोणते?

सोप्यापासून अवघडाकडे जाऊ. आधी मागणी कमी करणारे उपाय पाहावेत: सामाईक वापर, स्थानकाजवळची सूट, वाढीव सायकल जागा किंवा सामाईक मोटारी ठेवून मिळणारी सवलत. त्यानंतर जवळच्या भूखंडावर जागा घेणं. यात चालण्याचं अंतर ठरलेलं असतं आणि ते हवाई रेषेने नव्हे, पायी रस्त्याने मोजलं जातं. करार इमारत उभी असेपर्यंत टिकणारा हवा. अकरा महिन्यांच्या भाडेपट्ट्यावर कोणी परवानगी देत नाही. काही शहरं न दिलेल्या प्रत्येक जागेमागे शुल्क घेतात आणि त्यातून सार्वजनिक वाहनतळ बांधतात. काही ठिकाणी जागा नकाशात आखायची पण प्रत्यक्षात तिथे हिरवळ ठेवायची आणि गरज पडली तर फरसबंदी करायची, असंही चालतं.

शिथिलतेचा, म्हणजे नियमातून सूट मागणारा, अर्ज सर्वांत शेवटी. त्यात 'खर्च परवडत नाही' हे कारण चालत नाही. भूखंडाचा आकार, चढ, खडक, जतन करायची जुनी वास्तू अशी जमिनीशी बांधलेली अडचण दाखवावी लागते. सुनावणी आणि शेजाऱ्यांच्या हरकती यांत महिने जातात.

एका जागेचं माप किती? खांबांचं काय?

प्रचलित माप २.५ × ५.० मीटर, काही देशांत २.४ × ४.८. लहान गाड्यांसाठी २.३ × ४.५ मीटरच्या काही जागा चालतात, पण किती टक्के ते ठरलेलं असतं. भिंतीलगतच्या जागेला साधारण ०.३ मीटर जास्त द्या, नाहीतर एका बाजूचं दार उघडत नाही. मार्गिकेला समांतर जागेची लांबी ६ मीटरच्या आसपास हवी.

काटकोनातल्या दुतर्फा जागांना मधली मार्गिका ६ मीटर लागते. म्हणजे ५ + ६ + ५ = १६ मीटर, भिंतीच्या आतून आतपर्यंत. तळघर आतून १५ मीटरच निघत असेल तर मार्गिका पाच मीटर करून चालत नाही. गाडी एका वळणात आत जात नाही. अशा वेळी ४५ अंशांत तिरप्या जागा आणि ३.६ मीटरची एकेरी मार्गिका घेतली तर १४.२ मीटरमध्ये काम होतं. किंमत लांबीत मोजावी लागते: काटकोनात एका गाडीला भिंतीलगत २.५ मीटर पुरतात, तिरप्यात ३.५४. तीस मीटरच्या भिंतीला बाराऐवजी आठच गाड्या लागतात, आणि बाहेर पडायला वेगळी वाट लागते ती वेगळीच.

आता खांब. तीन गाड्या दोन खांबांमध्ये बसवायच्या तर ७.५ मीटर मोकळे हवेत. खांब ०.६ मीटरचा असेल तर मध्यापासून मध्यापर्यंत ८.१ मीटर. पुढे संरचना अभियंत्याने मजले वाढले म्हणून खांब ०.९ चा केला की मोकळे उरतात ७.२, आणि तिन्ही जागा एकदम २.४ च्या होतात. नियम २.५ चा असेल तर एका खांबापायी तीन जागा बाद. म्हणून खांबांचं अंतिम माप मिळेपर्यंत जागांची संख्या कोणालाही कबूल करू नका. खांब मार्गिकेच्या कडेला टेकवू नका, ०.६ ते १ मीटर आत घेतला तर वळणं सोपं होतं आणि दारही अडत नाही.

वर सदनिकांच्या भिंती, खाली गाड्या, आणि दोन्हींच्या मापांचा मेळ नाही: निवासी इमारतीतली खरी डोकेदुखी ही आहे. खांबांची आखणी गाड्यांवरून करून वर सदनिका बसवणं, उलट करण्यापेक्षा पुष्कळ सोपं जातं.

रॅम्पला किती लांबी धरायची?

सरळ रॅम्पला १:८ (एक मीटर चढायला आठ मीटर लांबी) हा बहुतेक ठिकाणी चालणारा उतार आहे. काही नियमांत १:१० पेक्षा तीव्र चालत नाही. मजल्याची उंची ३.३ मीटर असेल तर १:८ ने २६.४ मीटर आणि १:१० ने ३३ मीटर. पण १:८ चा रॅम्प थेट सपाटीला जोडला तर वरच्या टोकाला गाडीचं पोट घासतं आणि खालच्या टोकाला पुढचा बंपर. म्हणून दोन्ही टोकांना निम्म्या उताराचे, १:१६ चे, सुमारे ३.६ मीटरचे तुकडे द्यावे लागतात. हे दोन तुकडे मिळून ०.४५ मीटर चढतात, उरलेल्या २.८५ मीटरला १:८ ने २२.८ मीटर. एकूण ३० मीटर. नकाशावर २६.४ आखून ठेवलेले हे जादा ३.६ मीटर मग कोणत्या तरी दोन जागांच्या पोटातून काढावे लागतात.

रुंदी एकेरीला ३ ते ३.५ मीटर, दुहेरीला ५.५ ते ६. वळणाऱ्या रॅम्पला जास्त. तिथे उतार आतल्या कडेवर मोजून पाहा, कारण आतली कड आखूड असते आणि तीच सर्वांत तीव्र निघते.

उंची २.४ मीटर दिली आहे, तरी तपासणीत कमी का भरते?

कारण उंची तुळईखाली मोजली होती आणि तुळईखालून नंतर हवेची नळी गेली. ३.३ मीटरच्या मजल्यातून ०.७ ची तुळई वजा केली की २.६ उरतात, त्यातून ०.३५ ची नळी गेली की २.२५, मग स्प्रिंकलरची डोकी, दिवे, दिशादर्शक फलक. मोकळी उंची म्हणजे सर्वांत खाली लटकणाऱ्या वस्तूच्या खालची. नळ्या जागांच्या मागच्या भिंतीवरून, बॉनेटच्या वर नेल्या तर मार्गिका मोकळी राहते.

रॅम्पच्या खालच्या खोलगट टोकाला आणखी एक गंमत होते. लांब गाडीची पुढची चाकं सपाटीवर आणि मागची उतारावर असताना टपाचा मधला भाग वरच्या स्लॅबच्या कडेजवळ येतो. तिथे उंची उभ्या रेषेत मोजून भागत नाही, गाडीचा छेद ठेवून पाहावं लागतं.

गेटपाशी काय पाहतात?

रॅम्प पदपथाला भिडण्यापूर्वी ५-६ मीटर सपाट जागा असावी. चढावरून थेट पदपथावर येणाऱ्या चालकाला समोर फक्त आभाळ दिसतं. दोन्ही बाजूंना साधारण २ × २ मीटरचा दृष्टित्रिकोण मोकळा ठेवायचा, त्यात कुंपणभिंत किंवा झाड नको. चौकापासूनचं अंतर नियमात असतं. अडथळा दांडा रस्त्याच्या हद्दीपासून इतका आत हवा की किमान एक-दोन गाड्या आवारातच थांबतील.

रांगेचा हिशेब सोपा आहे. तिकीट घेऊन आत जायला गाडीला १२ सेकंद लागले तर तासाला ३०० गाड्या. मोटारींची लिफ्ट असेल आणि एक फेरी अडीच मिनिटांची, तर तासाला फक्त २४. साठ गाड्यांच्या इमारतीत सकाळी एका तासात ४० टक्के लोक निघाले तर नेमक्या २४ होतात, म्हणजे कागदावर काठोकाठ. प्रत्यक्षात त्याच वेळी एखादी गाडी आत येत असते आणि रांग रस्त्यावर जाते. अशा ठिकाणी दोन लिफ्ट मागितल्या जातात. एक बंद पडली तर काय, हा दुसरा प्रश्न असतोच.

यांत्रिक पार्किंग पूर्ण मोजलं जातं का?

शहरावर अवलंबून. एकावर एक गाड्यांच्या साध्या उचलयंत्रात वरची गाडी काढायला खालची हलवावी लागते. त्यामुळे दोन्ही जागा एकाच सदनिकेच्या असतील तरच ती दोन मोजली जातात. एकामागे एक जागांनाही हाच नियम. कोड्यासारख्या सरकत्या यंत्रणेत हालचालीसाठी रिकामे खण लागतात: पाच रकाने आणि तीन थर म्हणजे पंधरा नव्हे, तेरा गाड्या. वरचा थर पाच, खालचे दोन चार-चार.

उत्पादकाचं तांत्रिक पत्रक अर्जासोबत द्या आणि त्यात दोन आकडे आधी पाहा: पेलण्याचं वजन आणि गाडीची कमाल उंची. काही थर १.५५ मीटरचेच असतात, त्यात उंच गाड्या जात नाहीत. विजेवरच्या गाड्या बॅटरीमुळे जड असतात. जनित्राची जोडणी, खड्ड्यातलं पाणी उपसणारा पंप आणि देखभालीचा करार या तिन्ही गोष्टी मागितल्या जातात. त्यांतली देखभाल पुढे रहिवाशांच्या गळ्यात येते, हे अर्ज करणाऱ्याला फारसं टोचत नाही.

दिव्यांगांसाठीच्या जागा कुठे आणि किती?

संख्या एकूण जागांवरून पायऱ्यापायऱ्यांनी वाढते. अमेरिकेच्या २०१० च्या सुगम्यता मानकांत ७६ ते १०० जागांच्या वाहनतळाला ४, आणि अशा दर सहा जागांमागे किमान एक जागा, चाकाची खुर्ची चढवता येईल अशा व्हॅनसाठी. हा हिशेब प्रत्येक वाहनतळाचा स्वतंत्र होतो, सगळ्यांची बेरीज करून नाही. जागेशेजारी सुमारे १.५ मीटरचा आखलेला मोकळा पट्टा हवा. दोन जागांना एक पट्टा वाटून घेता येतो. जमीन कोणत्याही दिशेला १:४८ पेक्षा जास्त उतरती नको. पाणी वाहून जावं म्हणून दिलेला फरशीचा उतार नेमका इथे नियम मोडतो. व्हॅनच्या जागेवरच नव्हे, गेटपासून तिथपर्यंतच्या वाटेवर २.४९ मीटर मोकळी उंची लागते. म्हणून ही जागा तळघरात नेण्याऐवजी तळमजल्यावर लिफ्टजवळ ठेवलेली बरी.

जागा लिफ्टजवळ आहे, पण लिफ्टपर्यंत जाताना चालू गाड्यांच्या मागून जावं लागतं किंवा मध्ये एक पायरी आहे, ही नेहमीची त्रुटी.

चार्जिंगची सोय आत्ताच करावी लागेल का?

वाढत्या संख्येने शहरं ती मागतात. युरोपीय संघाच्या २०१८ च्या सुधारित निर्देशाने दहापेक्षा जास्त जागांच्या नव्या निवासी इमारतीत प्रत्येक जागेपर्यंत केबलसाठी नळ्या बंधनकारक केल्या. इंग्लंडमध्ये जून २०२२ पासून स्वतःची पार्किंग जागा असलेल्या बहुतेक नव्या घरांना चार्जर लागतो. नियम नसला तरी रिकाम्या नळ्या आणि पॅनेलसाठी जागा सोडणं शहाणपणाचं, स्लॅब झाल्यावर भोकं पाडणं महाग पडतं.

भाराचा आकडा पाहून घाबरू नका. ६० जागांना ७.४ किलोवॉटचे चार्जर एकदम चालले तर ४४४ किलोवॉट. पण रोज प्रत्येक गाडीला १० युनिट लागले आणि रात्रीचे १० तास मिळाले, तर सरासरी ६० किलोवॉटच लागतात. भार वाटून देणारी यंत्रणा दाखवली तर वीज कंपनी आणि परवानगी विभाग दोघेही छोटा आकडा मान्य करतात. ट्रान्सफॉर्मरची जागा मात्र आधी ठरवा. ती नंतर सुचली की दोन पार्किंग जागांवर येऊन बसते.

सायकली आणि मालवाहू गाड्या?

सायकलींसाठी उलट्या यू आकाराचे दांडे एक मीटर अंतरावर लावले तर प्रत्येक दांड्याला दोन सायकली राहतात. रॅम्पवरून सायकल ढकलत न्यावी लागेल अशी जागा मोजली जाते, पण वापरली जात नाही. मालवाहू गाडीला ३.५ × ८ ते १० मीटर आणि ४ मीटरच्या वर उंची हवी. ती रस्त्यावरून उलटी आत येणार असेल तर सहसा नकार मिळतो. कचऱ्याची गाडी आणि अग्निशमन बंब यांची वाट पार्किंगच्या जागांनी अडलेली नको.

तळघरातल्या हवेचं आणि पाण्याचं काय?

भिंतींना उघड्या जागा पुरेशा असतील, उदाहरणार्थ ब्रिटिश मार्गदर्शनाप्रमाणे फरशीच्या क्षेत्राच्या एक-विसांश आणि समोरासमोरच्या बाजूंना विभागून, तर पंख्यांची गरज पडत नाही. बंद तळघराला त्याच मार्गदर्शनात नेहमीसाठी तासाला ६ आणि आगीच्या वेळी १० हवाबदल आहेत. कार्बन मोनॉक्साइडचे संवेदक लावले तर पंखे दिवसभर चालवावे लागत नाहीत. रॅम्पच्या पायथ्याशी आडवी गटार, तिच्यापुढे तेल वेगळं करणारी टाकी आणि दोन पंप, एक चालू व एक राखीव. रॅम्पच्या माथ्यावर रस्त्यापेक्षा थोडा उंचवटा दिला नाही तर पहिल्या मोठ्या पावसात रस्त्यावरचं पाणी खाली येतं.

परवानगीचा क्रम कसा असतो?

आधी अधिकाऱ्यांसोबत प्राथमिक बैठक, कच्च्या आराखड्यासह. तिथे विभाग, दर आणि सवलतींबद्दल जे ठरेल ते लेखी टिपणात घ्या. मग भूवापराची किंवा आराखड्याची मंजुरी. शिथिलता, सामाईक वापर, बाहेरच्या जागेचा करार हे सगळं या टप्प्यावर मांडायचं. रस्त्यावरून आत येणाऱ्या वाटेची परवानगी बहुतेक ठिकाणी वेगळी असते आणि मोठ्या रस्त्यावर ती शहराऐवजी महामार्ग यंत्रणा देते. ती नाकारली गेली तर गेट हलतं, गेट हलल्यावर रॅम्प हलतो, आणि सगळं तळघर नव्याने आखावं लागतं. म्हणून तिचा अर्ज शेवटाला ठेवू नका. त्यानंतर अग्निशमन, सांडपाणी आणि वीज यांचे ना हरकत दाखले, मग बांधकाम परवानगी, आणि काम झाल्यावर तपासणी व भोगवटा प्रमाणपत्र.

वाहतूक परिणाम अहवाल कधी लागतो?

नव्या फेऱ्या ठरावीक उंबरठ्यापलीकडे गेल्या की. अमेरिकेतल्या अनेक शहरांत गर्दीच्या तासाला १०० नव्या फेऱ्या हा प्रचलित उंबरठा आहे. एक फेरी म्हणजे एका दिशेचा प्रवास, त्यामुळे आत येऊन बाहेर गेलेली गाडी दोन फेऱ्या होते. हे न कळल्याने अहवाल लागणारच नाही असं समजून बसलेले अर्ज पुष्कळ दिसतात. गाड्यांची मोजणी शाळा-महाविद्यालयं चालू असताना, सणासुदीचे दिवस टाळून करावी. सुट्टीतली मोजणी पुन्हा करायला सांगतात.

नकाशे परत येण्याची नेहमीची कारणं?

वरच्या मापांखेरीज सर्वांत जास्त वेळा दिसणारं कारण म्हणजे आकड्यांचा न जुळणारा मेळ. तक्त्यात ८८, तळघराच्या नकाशावर मोजल्या तर ८६, वाहतूक अहवालात ९०. प्रत्येक जागेला सलग क्रमांक द्या आणि तक्ता त्यावरूनच बनवा. दुसरं, मीटर खोलीच्या, पंप खोलीच्या किंवा आपत्कालीन जिन्याच्या दारासमोर आखलेली जागा. तिसरं, मार्गिकेच्या बंद टोकाची शेवटची जागा. तिथून मागे घ्यायला एक-दीड मीटर जास्तीची मोकळी जागा नसेल तर गाडी निघत नाही. चौथं, वळणमार्गाचा (वळताना गाडी किती जागा व्यापते ते दाखवणारा) नकाशा लहान गाडीचा काढलेला आणि इमारत मोठ्या गाड्यांची.

दुकानाच्या जागी उपाहारगृह आलं तर?

वापर बदलला की नवा दर लागतो. ४० चौ.मी.ला एक या दराने ११ जागा दिलेल्या ४२० चौ.मी.च्या दुकानांत उपाहारगृह आलं आणि त्याचा दर १० चौ.मी.ला एक असेल, तर ४२ लागतात. जुन्या इमारतीत त्या ११ ही प्रत्यक्षात नसतील तरी काही शहरं ती जुनी तूट माफ करतात आणि फक्त वाढीव ३१ मागतात. पुढे काय येईल याचा अंदाज असेल तर पहिल्याच अर्जात तळमजल्याचा काही भाग उपाहारगृह म्हणून दाखवून मोकळं व्हा.

काम चालू असताना जागा हलवल्या तर चालतं का?

एक-दोन जागा सरकल्या आणि संख्या तीच राहिली तर सुधारित नकाशा पुरतो. संख्या घटली, रॅम्प बदलला किंवा दिव्यांगांची जागा हलली तर सुधारित मंजुरी लागते, आणि ती काम करण्यापूर्वी.

अंतिम तपासणीत नेमकं काय मोजतात?

अधिकारी फीत घेऊन येतो. आखलेल्या रेषेच्या मध्यापासून मध्यापर्यंत रुंदी, खांब असेल तिथे खांबाच्या गिलाव्यापासून. गिलावा आणि वर लावलेलं रबरी संरक्षण मिळून ३०-४० मिलिमीटर सहज जातात, तेवढी सूट आखतानाच ठेवा. मग सर्वांत खालच्या नळीखालची उंची, दिव्यांगांच्या जागेवर उतारमापक, गेटवरचा उंचीदर्शक दांडा, फलक, दिवे, चार्जर चालू आहेत का, पंखे आगीच्या इशाऱ्यावर सुरू होतात का. तपासणीच्या आदल्या दिवशी तळघरातून रंगाचे डबे, टाइल्सच्या पेट्या आणि बांबू हलवा. सामान ठेवलेली जागा मोजली जात नाही, आणि तपासणीची पुढची तारीख लगेच मिळत नाही.